सगळ्याचा पीएच पाच पॉइंट आठ

४ फेब्रुवारी

आत्या,

तुझी अट मान्य. मी बोलता बोलता फोन आपटतो, म्हणून तू म्हणालीस की आता पत्रच लिही, पत्र आपटलं तरी फुटत नाही. ठीक आहे. फक्त एक सांगून ठेवतो, गेल्या वेळी मी फोन आपटला नव्हता, तो हातातून निसटला होता. जरा जोरात निसटला, एवढंच.

तू शब्द टाकलास म्हणून साहेबांनी मला लॅबमध्ये ठेवून घेतलं. बाबांनी निघतानाच ऐकवलं, ‘कॉलेज अर्ध्यावर सोडलंस, इथूनही परत आलास तर थेट माझ्या मित्राच्या टायरच्या दुकानात बसायचं.’ तेव्हा माझ्यापुढे एकीकडे केळी आहेत आणि एकीकडे टायर.

काम सांगतो. इथे केळीचं रोप मातीत नाही, बाटलीत वाढतं. नखाएवढा कोंब कापायचा, बाटलीतल्या जेलीवर बसवायचा, त्याचे चार होतात, मग ते चार पुन्हा कापायचे. ती जेली बनवणं माझ्याकडे. तिला इथे मीडिया म्हणतात आणि मला मीडियावाला. वॉचमनला दोन दिवस वाटत होतं की मी बातमी काढायला आलोय, तो मला बघून टोपी सरळ करायचा.

मोठ्या भांड्यात पाणी, क्षार, साखर आणि चिमूटभर औषधं घालायची. तळाशी लोहचुंबकाची कांडी गरगर फिरत ते ढवळत असते. मग पीएच जुळवायचा, म्हणजे आंबटपणा. पाच पॉइंट आठ. मीटरची काचेची दांडी त्यात बुडवायची. आकडा कमी दिसला तर सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने, जास्त दिसला तर ॲसिड थेंबाथेंबाने. मग आगर नावाची पावडर घालून उकळायचं, बाटल्या भरायच्या, मोठ्या कुकरमध्ये वाफवायच्या. निवलं की जेली बसते. आंबट फार झालं तर बसत नाही, नुसतं सार होतं.

आता थेंबाथेंबाने हा प्रकार आपल्या घराण्यात कुणी केलेला नाही. पहिल्या दिवशी माझं सोड्याचं पाणी जास्त पडलं, म्हणून ॲसिड टाकलं, ते जास्त पडलं म्हणून पुन्हा सोडा. दुपारपर्यंत हेच. साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, ‘हा मीडिया राहिला नाही, समुद्र झालाय. मासे सोड यात.’

पण माणूस तत्त्वाचा आहे. केबिनवर पाटी आहे, ‘आकडा बोलतो’. कॉलेजात सरांना पुस्तकातला आकडा हवा होता, मी नळीत दिसला तो लिहिला, ते म्हणाले खोड, मी म्हणालो नाही, आणि मग ती मापाची काचेची नळी, ब्युरेट, फुटली, ते तुला माहीत आहेच. इथे तसं नाही. इथे खरं विज्ञान आहे.

शिवाय एक व्यक्ती आहे. माझ्या टेबलासमोर काचेची भिंत, आणि पलीकडे कोंब बसवणाऱ्या मुली. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसतात. त्यातल्या एकीला सगळे चिमटेवाली म्हणतात, कारण दोन्ही हातांतले चिमटे दिसत नाहीत इतके भरभर चालतात. आत्या, लायब्ररीतल्या मुलीचं वेगळं होतं. तेव्हा मी लहान होतो.

तुझा

* * *

१२ फेब्रुवारी

चिडकू,

लायब्ररीतल्या मुलीला वर्षही झालेलं नाही. एवढ्यात मोठा झालास? मग मागच्या खेपेला शिवलेल्या पँटी आखूड झाल्या असतील, त्या पाठव.

काम चांगलं आहे. थेंबाथेंबाने हे तुला कुणीतरी शिकवायलाच हवं होतं. मी शिकवायला गेले असते तर तू माझ्या शिवणाच्या दुकानातून निघून गेला असतास, रागात काजाचं मशीन लाथाडून. तेव्हा शीक. आणि ॲसिडवर हात असताना काचेपलीकडे बघू नकोस. कात्री चालू असताना मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून माझी दहाही बोटं आहेत.

नुसते डोळे बघून प्रेम करणं स्वस्त पडतं, हे खरं. पण अस्तर बघितल्याशिवाय कोट घेऊ नये.

तुझ्या साहेबाला माझा नमस्कार सांगू नकोस. का, ते विचारू नकोस.

तुझ्या बाबांना मी सांगितलंय की मुलगा रुळला. खोटं ठरवू नकोस, तुझ्या आईची ब्लाउजं माझ्याकडे शिवायची पडली आहेत आणि ती मला टोमणे मारत माप देते.

आत्या

* * *

३ मार्च

आत्या,

बस आणि मग वाच. माझा हात बसला.

मध्ये एक दिवस मीटर बिघडलं होतं. काय झालं, मी दांडी भांड्यात धरली होती आणि चिमटेवाली काचेपलीकडून चालत गेली. तिचं चालणं वेगळंच आहे, सांगत बसत नाही. खालून टिक् टिक् असा आवाज आला, कांडी कशाला तरी घासली असेल. त्यानंतर मीटर सातवर जे बसलं ते हलेना. म्हटलं, आंबट कमी आहे. ॲसिड टाकलं, सात. आणखी टाकलं, सातच. अर्धी बाटली संपली तरी ते आपलं सात. मी त्याच्या पाठीवर एक ठोसा लगावला, तरी सात.

तेवढ्यात साहेब आले. आठवडाभर प्रमाणपत्र देणाऱ्या समितीचा विषय त्यांच्या डोक्यात आहे. त्यांनी मीटर बघितलं आणि म्हणाले, ‘मला इथे पाच पॉइंट आठ दिसला पाहिजे. कसा, तो तुझा प्रश्न.’ मीटरला बाजूला एक गोल बटण आहे. ते फिरवलं की आकडा सरकतो. मी तो पाच पॉइंट आठवर आणून ठेवला आणि आत्या, तेव्हापासून चमत्कार. दांडी बुडवली की पाच पॉइंट आठ. थेंब नाही, सोडा नाही, ॲसिड नाही. पहिल्या बुडवणीत. जुना मीडियावाला अर्धा दिवस घालवायचा, मी चहाच्या आत मोकळा. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली, ‘याला म्हणतात सातत्य.’

आणि आता खरी बातमी. चिमटेवाली रोज काचेशी येते. माझ्याकडे बघते. परवा तिने एक बाटली उचलली, माझ्यासमोर धरली आणि हळूच तिरकी केली. मोठी माणसं पेला उंचावून एकमेकांचं अभिनंदन करतात ना, तसं. मीही माझं चंचुपात्र उचललं आणि तिरकं केलं. ती डोळे विस्फारून बघतच राहिली. काल तिने दोन्ही हातांत दोन बाटल्या घेतल्या आणि दोन्ही तिरक्या केल्या.

दोन, आत्या.

तुझा

* * *

९ मार्च

चिडकू,

दोनच प्रश्न. ती बाटली तिरकी करते तेव्हा आतलं हलतं का?

आणि ते मीटर तू चहात बुडवून बघितलंस का? नसेल तर बघ. नंतर तो चहा पिऊ नकोस.

आत्या

* * *

११ मार्च

आत्या,

तुला माझं सुख बघवत नाही. घरात कुणालाच बघवत नाही. मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळ्यांनी तोंडं फिरवली, आता काहीतरी जमतंय तर तू मला मीटर चहात बुडवायला सांगतेस. शिवणकाम करणाऱ्या बाईने विज्ञानात

(दुसऱ्या दिवशी)

वरचं खोडत नाही. मी काही खोडत नाही हे तत्त्व आहे. पण ते वाचू नकोस.

बुडवलं. चहा, पाच पॉइंट आठ. नळाचं पाणी, पाच पॉइंट आठ. कँटीनमधून व्हिनेगर मागून आणलं, ज्याच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं, ते पाच पॉइंट आठ. साबणाचं पाणी, तेही. मग दांडी उजेडात धरली. टोकाला लिंबाच्या बीएवढा काचेचा फुगा असतो, त्याला केसाएवढी चीर. त्या दिवशीचं टिक् टिक् म्हणजे कांडी त्याच्यावर आपटत होती. म्हणजे एवढे दिवस सोड्याचा थेंबही न घालता मी मुळातला आंबट मीडियाच बाटल्यांत भरत होतो.

आणि हो, आतलं हलतं. मी आज नीट बघितलं. बाटली तिरकी झाली की आतलं सार डुचमळतं आणि कोंब त्यात डुबक्या मारतो. ती मला एवढे दिवस तेच दाखवत होती आणि मी तिला उलटून चंचुपात्र दाखवत होतो.

पुढचं ऐक. हजारो कोंब काळे पडलेत आणि त्याचा ठपका तिच्यावर आलाय. साहेब म्हणतात तिचा हात जड झाला, ती कोंब खोल खोचते म्हणून ते बुडतात. तिला महिनाअखेरीस यायचं नाही असं सांगितलंय.

मी तडक केबिनमध्ये गेलो. दार ढकललं, ते जरा जोरात ढकललं गेलं. म्हणालो, ‘मीटर फुटलंय. माझ्या हातून. जेली बसत नाही ती माझ्यामुळे, तिच्यामुळे नाही.’

साहेबांनी वर बघितलंसुद्धा नाही. ‘पीएच काय होता?’

‘कुणाला माहीत काय होता. मीटर पाच पॉइंट आठ दाखवत होतं.’

‘मग पाच पॉइंट आठ होता.’

‘साहेब, ते चहातही पाच पॉइंट आठ दाखवतं.’

‘चहाचा आपल्याकडे रेकॉर्ड नाही,’ ते म्हणाले. ‘मीडियाचा आहे आणि त्यावर रोज माझी सही आहे. माझी सही चुकली असं म्हणायचंय का तुला?’ मग आवाज एकदम मऊ केला. ‘हे बघ, समिती वीस तारखेला येतेय. तुझ्यासारखा सलग आकडा त्यांनी जन्मात बघितला नसेल. समिती गेली की तुला कायम करतो. चिमटेवाल्या पन्नास मिळतील. असा आकडा आणणारा मिळत नाही.’

आत्या, मी कायम होणार आणि ती जाणार. असं वाटतंय ते मीटर उचलावं आणि त्याच्या पाटीवर मारावं. सांग काय करू. लवकर सांग, मी माझा हात स्वतःच धरून ठेवलाय.

तुझा

* * *

१५ मार्च

चिडकू,

हात सोडू नकोस. मीटर फोडलंस तर तुझा साहेब सुटला. मग पुढची पन्नास वर्षं सांगत फिरेल की आकडे उत्तम होते, पण एका माथेफिरूने मीटर फोडलं.

आता तुला नमस्काराचं सांगते. तुझा साहेब एके काळी माझ्याशी लग्न करायला निघाला होता. माणूस वाईट नव्हता, बोलायला तर गोडच. पण माझी उंची तेव्हाही अशीच, ताडमाड, आणि तो माझ्या खांद्याला. पुढच्या भेटीत बघते तर माझ्या कानापर्यंत आलेला. तिसऱ्या भेटीत बरोबरीला. सगळे म्हणाले, बघ, दैव असतं एकेकाचं. मी त्याला म्हटलं, लग्नाची पँट मी शिवते, माप देऊन जा. बूट काढायला लावले, तर आत पुठ्ठ्याचे थर. एवढे की एका वहीचे दोन्ही पुठ्ठे गेले असतील. मला हसू आलं नाही, राग आला. पुठ्ठ्याचा नाही. बूट काढल्यावरही तो मला म्हणाला, ‘पण सगळ्यांनी बघितलंय ना, की मी तुझ्याएवढा आहे.’

तो तेव्हाही स्वतः वाढत नव्हता, पट्टी सरकवत होता. मला वाटलं होतं लॅब काढून सुधारला असेल, म्हणून तुझ्यासाठी शब्द टाकला. ती माझी चूक.

तू बटण फिरवलंस, ती तुझी. ब्युरेट फोडून कॉलेज सोडणारा मुलगा पाठीवरच्या एका थापेसाठी बटण फिरवतो, हे वाचून मी उसवलेली बाही तशीच ठेवून बसून राहिले. पुस्तकातला आकडा लिहिणार नाही म्हणून तू दोन वर्षं वाया घालवलीस आणि इथे काय केलंस?

आता रडू नकोस. मीटर फोडायचं नाही. बुडवायचं. समितीसमोर.

आत्या

* * *

२१ मार्च

आत्या,

बुडवलं. सविस्तर सांगतो, कारण आता मला वेळच वेळ आहे.

समितीत तिघं होते. प्रमुखांचा चष्मा कपाळावर आणि ते सगळ्यांना विचारत होते चष्मा कुठे आहे. साहेबांनी मला पुढे केलं, ‘या मुलाचा आकडा बघा. एक दशांश इकडे नाही, एक दशांश तिकडे नाही.’ प्रमुख म्हणाले, ‘प्रात्यक्षिक दाखवा.’

मीडियात बुडवलं. पाच पॉइंट आठ. तिघांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, ‘सर, तुमचा चहा द्या जरा.’ साहेबांचा चेहरा बघायला हवा होतास, पण मी बघितला नाही, मी आता काम करताना दुसरीकडे बघत नाही. चहात बुडवलं. पाच पॉइंट आठ. मग दुसऱ्यांच्या लिंबूपाण्यात. मग फुलदाणीत. मग हात धुवायच्या साबणात. पाच पॉइंट आठ, पाच पॉइंट आठ, पाच पॉइंट आठ. मी दांडी वर धरली आणि वाट बघत उभा राहिलो, की आता कुणीतरी म्हणेल.

प्रमुख म्हणाले, ‘कमाल आहे. इतकं स्थिर यंत्र मी पाहिलं नाही. आमच्याकडचं सारखं हलतं.’ दुसऱ्यांनी कागदावर लिहून घेतलं, ‘उपकरण अत्यंत स्थिर’. तिसऱ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की त्यांना जेवणानंतर जळजळ होते, त्याचा आकडा यावर निघेल का.

आत्या, ब्युरेट फोडली तेव्हासुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. चिमटेवाली बाहेर आली, टोपी काढलेली, मास्क काढलेला. मी तिचा चेहरा पहिल्यांदा बघितला आणि त्याच्यावर नुसता राग होता. हातात बाटली. साहेब म्हणाले, ‘तू आत जा.’ ती म्हणाली, ‘जातेच आहे, बाहेर.’ आणि तिने प्रमुखांच्या उघड्या फायलीवर बाटली उलटी केली. सगळं सार कागदावर सांडलं आणि शेवटी काळा पडलेला कोंब टपकन पडला.

प्रमुखांनी कोंब बोटाने ढकलून बघितला. मग साहेबांना विचारलं, ‘हे काय? द्रव तंत्रज्ञान का?’

साहेब एक क्षण थांबले. त्या एका क्षणात ते खरं बोलू शकले असते, मला तसं वाटलंही. पण पुठ्ठे घालायला तेवढा वेळ पुरतो.

‘हो,’ ते म्हणाले, ‘आपल्याकडे ते नवीनच सुरू केलंय.’

प्रमाणपत्र मिळालं, आत्या. द्रव माध्यमाचं. साहेब पुढच्या महिन्यात त्यावर भाषण द्यायला जाणार आहेत. मला संध्याकाळीच काढलं. कारण लिहिलंय, ‘पाहुण्यांच्या चहात अनधिकृत वस्तू बुडवली.’ खोटं म्हणता येत नाही. लॅबमधून निघालेला तेवढाच खरा कागद.

फाटकाशी ती भेटली. मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘मीटर माझ्या हातून फुटलं. तुझ्यावर आलं. मला—’

‘माहिती आहे,’ ती म्हणाली. ‘मी काचेतून बघत होते. तू माझ्याकडे बघत होतास, मी मीटरकडे.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तीन आठवडे बाटल्या तिरक्या करून आणखी काय सांगत होते? आणि तू काय केलंस? चंचुपात्र.’ तिने हाताने तसं करून दाखवलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. जमिनीने काही केलं नाही. आत्याला आता काय लिहू, असं मी म्हणालो, तर तिने तुझा पत्ता मागितला, कशाला ते कळलं नाही. मी दिला.

आता बाबांना काय सांगू? टायरच्या दुकानात उद्यापासून बस म्हणतायत.

तुझा

* * *

२ एप्रिल

मीडियावाले,

मी तुमच्या आत्यांना पत्र टाकलं, तर त्यांनी मलाच विचारलं की तुमच्यात काही दम आहे का. मी कळवलं की दम आहे, माप नाही. त्यांनी उलट टपाली लिहिलं की माप देता येतं, गिऱ्हाईक जागेवर उभं राहिलं तर.

मी एका छोट्या नर्सरीत लागले आहे. दोन खोल्यांची लॅब आहे, मालकीणबाई स्वतः मीडिया करतात. बाटल्या धुवायला माणूस हवा आहे. ब्रशने घासायच्या, तीनदा पाण्यातून काढायच्या, पालथ्या घालायच्या. मीडियाच्या टेबलाला हात लावायचा नाही. मीटर कपाटात असतं आणि किल्ली माझ्याकडे असते.

बाटली फुटली तर पगारातून कापतात. आपटायची सवय असेल तर टायर बरे, ते फुटत नाहीत.

यायचं तर सोमवारी या. फुलं वगैरे आणू नका, खोलीत जंतू येतात.

— चिमटेवाली

* * *

२९ एप्रिल

आत्या,

बाबांना सांग, मी टायर सोडले ते कायमचे. त्यांचे मित्र खूश झाले असतील, चार दिवसांत मी त्यांच्या तीन गिऱ्हाइकांशी भांडलो होतो.

बाटल्या धुतो. पहिल्या आठवड्यात दोन फुटल्या, नंतर एकही नाही. घासताना राग आला तरी बाटली हळू ठेवावी लागते, आणि हळू ठेवेपर्यंत तो राग कशाचा होता ते विसरायला होतं. हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

तिच्याशी बोलणं फारसं होत नाही. मालकीणबाई पीएच जुळवतात तेव्हा मी लांबून बघतो. आकडा आधी चारच्या वर दिसतो, मग त्या सोड्याचा एक थेंब टाकतात, थांबतात, आणखी एक. आकडा चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. ते हलणारं मीटर बघून मला किती बरं वाटलं, तुला काय सांगू.

काल ती काचेशी आली. हातात एक बाटली होती. माझ्यासमोर धरली आणि हळूच तिरकी केली.

मी हातातला ब्रश खाली ठेवला, नीट बघितलं. आतलं जरासुद्धा हललं नाही. म्हणजे बाटलीतलं.

तुझा